खिडकीचं ते नसतं तरी…

मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत दुपारी मोठ्यानं बोलायचं नाही असा कायदा कुणी केला नव्हता, पण पाळायचे सगळे. गल्लीतले निम्मे बाप चिकलठाण्याच्या कारखान्यांत रात्रपाळी करून येत आणि दुपारी झोपत. भाजीवालासुद्धा साहेबरावांच्या खिडकीपुढं आला की तोंडातली 'मेथीऽऽ' गिळून टाकायचा आणि चार घरं पुढं जाऊन पुन्हा सुरू करायचा.

त्यामुळे मार्चमधल्या एका रणरणत्या दुपारी समोरच्या माडीवरून धाड-धाड-धडाक् असा आवाज यायला लागला, तेव्हा साहेबरावांची लेक विशाखा आधी दचकली आणि मग भडकली. बाबांचा नुकताच डोळा लागला होता. तिनं ओढणी खांद्यावर टाकली, चपला न घालताच गल्ली ओलांडली — तळपाय पोळले, त्यानं राग आणखी वाढला — आणि जिना चढून समोरचं दार ढकललं.

आत एक मुलगा पाठमोरा बसला होता. मांडीवर उलटं घमेलं, हातात लाटणं, कानांवर हेडफोन. पुढ्यात कॉम्प्युटर आणि माईक.

"ओ भाऊ, आवाज कमी करा ना जरा! माणूस झोपलंय घरात."

तो वळला. केस घामानं कपाळाला चिकटलेले, पण डोळे इतके हसरे, की भांडायला आलेल्या माणसाची पंचाईतच व्हावी.

"परत एकदा म्हणता?"

"काय?"

"हेच. 'कमी'वर असाच जोर द्या. माईक चालू होता, पण मधी घमेलं वाजलं."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"हे पण चालंल," तो म्हणाला आणि त्यानं माईक तिच्या दिशेनं थोडा सरकवला. "गेम बनवतोय मी. डीजेचा."

"गेम बनवा नायतर पुरणपोळी बनवा. चारच्या आधी घमेलं वाजवायचं नाय इथं."

"बरं. नाय वाजवत. पण ते 'भाऊ' तेवढं मागं घ्या."

"का?"

"गल्लीत नवीन आहे मी. आल्या आल्या नातं नको."

विशाखानं ओठ दाताखाली धरला, नाहीतर हसली असती. तशीच तरातरा जिना उतरून घरी आली. परत येतानाही रस्ता तेवढाच तापला होता, पण पाय पोळल्याचं तिला घरात आल्यावर कळलं.

त्याचं नाव सम्यक. मूळचा फुलंब्रीचा. पुण्यातली नोकरी सोडून आई गीताबाईंना घेऊन इथं भाड्यानं राहायला आला होता आणि दिवसभर त्या कॉम्प्युटरला चिकटून असायचा. गल्लीला वाटलं, पोरगं वाया गेलं. विशाखालाही तसंच वाटायला पाहिजे होतं. ती स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, नोकरी सोडणाऱ्यांचं पुढं काय होतं ते तिला ठाऊक होतं. पण दुसऱ्याच दिवशी तो क्लासच्या दारात उभा राहिला. हातात तुपानं डागाळलेला कागदी पुडा.

"इमरती आहे. गुलमंडीवरची."

"कशाबद्दल?"

"तुमचा आवाज मी घेतलाय. परवानगी मागायला आलो. नाय म्हणलात तर आवाज परत, इमरती ठेवून घ्या."

तिनं इमरतीचा एक तुकडा मोडला, खाल्ला, बोटं चाटली. मग मास्तरणीच्या थाटात विचारलं, "गेममध्ये काय करणार माझ्या आवाजाचं?"

त्यानं सांगितलं. एक ट्रक गल्लीतून जातो. ट्रकवर खेळणारा. दोन गाणी घ्यायची आणि एकात एक मिसळायची. प्रत्येक घराची आवड वेगळी. कुणाला हलगी लागते, कुणाला कव्वालीचा ठेका, कुणाला नुसता छातीत धडधडणारा बेस. मिसळण जमली की माणसं नाचत घराबाहेर येतात. सगळी गल्ली बाहेर आली की जिंकलं. मध्ये आवाज पडला तर गर्दी पांगते आणि हरतो.

"आन् मी?"

"तू शेवटच्या घरात. खिडकीत." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"मग मी नाचते का?"

"ते ज्याचं त्यानं खेळून बघायचं."

त्यानंतर चार वाजायची वाट गल्लीत दोन माणसं बघायला लागली. चार वाजले की माडीवरून एकदाच लाटणं वाजायचं, टण्. इकडं विशाखा खिडकीशी यायची. तो नवा ठेका ऐकवायचा, ती नाक मुरडायची. "लई पुणेरी झालंय," म्हणायची. "अरे, आपल्याकडं हलगी अशी भीत भीत वाजती का?" तो बदलायचा. कधी ती मुद्दाम नाव ठेवायची, उगाच, तो पुन्हा खाली वाकून काम करताना दिसावा म्हणून. त्यालाही ते कळायचं बहुतेक. कळलेलं दोघंही दाखवायचे नाहीत.

मे महिन्यात गल्लीतल्या सार्थकचं लग्न निघालं. मिरवणूक भर दुपारची. पोरांनी सम्यकला धरून डीजेच्या ट्रकवर बसवलं. गल्ली दणाणली. चौदा एप्रिलला साहेबराव स्वतः रजा टाकून दिवसभर नाचायचे, वर्षातून तेवढा एकच दिवस झोप माफ. पण आज रात्रपाळी होती, आणि ते आत झोपले होते.

ट्रक खिडकीपाशी येत होता. विशाखा गजांमागे उभी राहिली. नुसता हात वर केला आणि तळवा हळूहळू खाली आणला… सम्यकनं तिच्याकडं पाहिलं. आणि तिच्या हाताबरोबर आवाजाची पट्टी खाली खाली ओढत नेली, पार शून्यावर.

गाणं थांबलं, नाच थांबला नाही. गल्लीला सवयच होती त्याची. नवरदेवाच्या मावश्या, चुलते, पोरं, सगळी तशीच नाचत राहिली, नुसत्या पायांच्या आवाजावर. चपलांची फटफट, बांगड्यांची किणकिण, कुणाचं तरी दबकं हसू. त्या तेवढ्या शांततेत ट्रक हळूहळू खिडकीपुढून जात होता आणि सम्यक तिच्याकडं बघत होता. विशाखाला हसू आलं. अगदी आतून, हलकंसं. त्यानं खिशातला फोन तिच्या दिशेनं धरलेला तिला दिसला, पण फोटो काढतोय असं तिला वाटलं. पुढच्या घरापाशी पट्टी पुन्हा वर गेली आणि गल्लीनं एकच आरोळी ठोकली.

त्या संध्याकाळी ती आरशासमोर जरा जास्तच वेळ उभी होती. आशाबाईंनी, म्हणजे आईनं, विचारलं, "काय गं, काय झालंय?" "काय नाय," ती म्हणाली. खोटं बोलली. प्रेम झालं होतं.

डिसेंबरात गेम निघाला. नाव 'गल्ली मिक्स'. आणि बघता बघता सगळीकडं त्याच्याबद्दल लिहून यायला लागलं. पुण्याच्या एका चॅनलवाल्यानं तर अर्धा तास कौतुक केलं. दिल्लीच्या एकानं लिहिलं, असा ठेका आजवर कुठल्या खेळात ऐकला नव्हता. परदेशातल्या एका वेबसाइटनं दहापैकी सात दिले. विशाखा सगळं वाचायची. क्लास सुटला की एकेक रिव्ह्यू उघडायची, इंग्रजी अडलं तर शब्द शोधायची, आणि कुणी वाकडं लिहिलेलं दिसलं की खाली जाऊन भांडायची. नाव बदलून.

पण सगळ्यांची एकच तक्रार होती. खिडकी. सगळी गल्ली नाचत बाहेर येते, आणि शेवटच्या घरातली ती मुलगी मात्र काही केल्या बधत नाही. काहीही वाजवा, ती आपली 'आवाज कमी करा' म्हणून ओरडते आणि खेळ संपतो. कुणी म्हणे ही खेळातली खोट आहे. कुणी म्हणे बनवणाऱ्याला शेवट सुचला नाही. पुण्याच्या त्या चॅनलवाल्यानं सगळ्यात गोड शब्दांत ठेवणीतला टोला दिला होता: बाकी गेम झकास, पण खिडकीचं ते नसतं तरी चाललं असतं.

"सांग ना त्यांना, कसं जिंकायचं," विशाखा म्हणायची.

"नाय सांगणार."

"का पण? रेटिंग पडायलंय."

"एका माणसाला आपोआप कळंल. त्याच्यासाठीच केलंय ते." मग जरा थांबून, नखानं टेबल खरवडत, "तू खेळलीस का?"

"सगळे रिव्ह्यू पाठ आहेत माझे."

"रिव्ह्यू वाचणं म्हंजे खेळणं नव्हं, विशाखा."

खरी गोष्ट अशी होती, की तिला स्वतःचा आवाज ऐकवत नव्हता. फोनमध्येसुद्धा नाही. ती लहानपणापासून शाळेच्या गॅदरिंगची चित्रफीत लागली की मोरीत जाऊन बसायची. जगभरातली माणसं आपलं ओरडणं ऐकतायत, एवढ्या विचारानंच तिचे कान गरम व्हायचे. पण हे कसं सांगायचं? ज्यानं आपल्या आवाजावर खेळ उभा केला त्याला कसं म्हणायचं, की मला तो ऐकवत नाही?

फेब्रुवारीत हैदराबादच्या एका कंपनीनं त्याला बोलावलं. चांगली नोकरी, मोठी. जावं की नाही, आठवड्याच्या आत कळवायचं होतं. तो क्लासमध्ये आला आणि कोपऱ्यातल्या पीसीत पेनड्राइव्ह खुपसून त्यानं गेम टाकला. त्या पीसीला नेटही नव्हतं, त्यावर पोरं नुसतं टायपिंग घोटायची.

"जायचं का नाय ते मी उद्या ठरवणार," तो म्हणाला. आज डोळे हसत नव्हते. "त्याच्या आधी एकदा खेळ. शेवटपर्यंत. मग सांग."

"काय सांगू?"

"जे वाटंल ते."

बॅच सुटल्यावर ती बसली. खरंच बसली. ट्रक निघाला, हलगी वाजली, तिनं तीन घरं नाचवली आणि मजाही आली. मग लांबून, गल्लीच्या टोकाकडून तिचाच आवाज आला: ओ भाऊ, आवाज कमी करा ना जरा… कर्कश, नाकात, परका. तिनं पटकन पीसी बंद केला. उद्या खेळू, म्हणाली. इतकं काय त्यात. शेवट तर वाचलेलाच आहे.

दुसऱ्या दिवशी चारला लाटणं वाजलं नाही. तोच खिडकीखाली येऊन उभा राहिला.

"खेळलीस?"

नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं. वर्षभर राबलेला माणूस, काल एवढ्या आर्जवानं सांगून गेलेला. "खेळले ना," ती म्हणाली.

"शेवटपर्यंत?"

"व्हय. खिडकीपर्यंत."

"मग…?"

त्याचा आवाज खाली गेला होता. हाताच्या मुठी खिशात. विशाखाला वाटलं, नुसतं 'छान आहे' म्हणणं बरं नाही, शेंबडं पोरगंही तेवढं म्हणतं. काहीतरी जाणत्यासारखं, तोलून मापून बोलावं. आणि तिच्या तोंडून वाचलेलं वाक्य बाहेर पडलं, अगदी त्या चॅनलवाल्याच्या सुरात:

"बाकी गेम झकास आहे रे. पण खिडकीचं ते… ते नसतं तरी चाललं असतं."

समोरून एक सायकल गेली, तिला सम्यकनं नीट वाट करून दिली.

"नसतं तरी चाललं असतं," तो म्हणाला.

"माझं म्हणणं, लोकाला पण तेच वाटतंय ना."

"बरं. काढून टाकतो."

"काढ की. रेटिंग वाढंल."

तो हसला. ते हसू तिला तेव्हा नेहमीचंच वाटलं, इतकी ती स्वतःच्या हुशारीवर खूश होती. दोनच आठवड्यांत त्यानं सामान बांधलं. निघताना साहेबरावांच्या पाया पडला, आशाबाईंच्या हातचा चहा प्याला, आणि तिला म्हणाला, "येतो." ती म्हणाली, "पोचल्यावर कळव." आणखी काहीतरी ऐकायला ती दारातच थांबली होती. तोही रिक्षात चढताना जरा रेंगाळला. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, आणि लगेच जीभ चावली. दुपार होती.

गेमची नवी आवृत्ती आली. खिडकी गेली. समीक्षक खूश झाले, आता कसं सगळं सरळ झालं म्हणाले. विशाखानं त्याला टाळ्यांची चित्रं पाठवली. 'थँक्स' आलं. मग तिनं 'जेवलास का' विचारलं. 'हो' आलं. ती वाट बघायची, की आता तरी तो स्वतःहून काही बोलेल. तो बोलला नाही. मग तिलाही राग आला. मोठा झाला आता, तिनं मनाशी म्हटलं, गल्लीतली माणसं कशाला आठवतील. आणि रागाच्या भरात तिनं विचारणंही सोडलं. मान कुणी खाली घालायची यावर किती संसार उभे राहायचे राहिलेत, देव जाणे.

वर्ष उलटून गेलं. एका सकाळी गीताबाई पेढे घेऊन आल्या. त्या समोरच्या माडीवरच राहत होत्या अजून.

"सम्यकचा साखरपुडा झाला बाई. सोयगावची आहे पोरगी, नर्सिंग केलंय. लई गुणाची."

"अरे वा," आशाबाई म्हणाल्या. विशाखानं पेढा घेतला.

"ऐकतच नव्हतं गं पोरगं. वरीसभर नुसतं नको नको. लई खोदून इचारलं तवा म्हणलं, आई, एकीला इचारलं व्हतं मी. ती म्हणली, तू नसला तरी चालतंय." गीताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "आता कोण ती भवानी, काय सांगंना. पण माझ्या लेकराला असं म्हणावं का कुणी?"

पेढा तोंडातच राहिला. विचारलं होतं? कुणाला? हैदराबादेत कुणी? क्लासला जाताना विशाखाच्या डोक्यात तेवढंच घोळत होतं, आणि छातीत जळत होतं. आधी ती मत्सर समजली. मग 'चालतंय' या शब्दापाशी तिचं पाऊल अडखळलं. बॅच लवकर सोडून ती कोपऱ्यातल्या पीसीपुढं बसली. त्याला नेट नव्हतं. त्यावर गेम अजून जुनाच होता.

तिनं एकेक घर नाचवलं. स्वतःचा आवाज आला, तो तिनं दात दाबून ऐकला. ट्रक शेवटच्या घराशी पोचला. खिडकी. आणि जगातल्या एकाही समीक्षकानं जे केलं नव्हतं, ते तिच्या हातानं विचार न करता केलं. गल्लीतल्या कुणीही केलं असतं. तिनं आवाजाची पट्टी खाली ओढली, पार शून्यावर.

खेळ संपला नाही. गर्दी पांगली नाही. नुसते पाय वाजत राहिले. चपलांची फटफट, बांगड्या, कुणाचं तरी दबकं हसू… सार्थकच्या मिरवणुकीतली ती दुपार होती ती, जशीच्या तशी. खिडकी हळूच उघडली. आतली मुलगी हसली, आणि ते हसू कर्कश नव्हतं, परकं नव्हतं. विशाखाला पहिल्यांदाच स्वतःचा आवाज गोड वाटला. मग सम्यकचा आवाज आला, इतका हळू, की तिनं कान स्पीकरला लावला.

"विशाखा… आता आवाज कमी आहे, म्हणून विचारतो. खाली येतेस? जन्मभरासाठी?"

पडद्यावर दोन बटणं होती. 'येते' आणि 'नको'. तिनं 'येते' दाबलं. मुलगी खिडकीतून नाहीशी झाली, दारातून धावत आली आणि ट्रकवर चढली. खाली अक्षरं उमटली: मग उद्या मला तोंडानं सांग. मी खिडकीखाली येतो.

आणि तो आला होता. मुठी खिशात घालून उभा होता. आणि तिनं त्याला तोंडानं सांगितलं होतं.

फोन तिनं तीनदा हातात घेतला. सोयगावची ती मुलगी तिनं पाहिली नव्हती, पण हातात नवी अंगठी घातलेली, कुणाच्या तरी फोनची वाट बघणारी एक मुलगी तिला दिसत राहिली. फोन तिनं खाली ठेवला.

घरी येऊन तिनं गेम विकत घेतला. अभिप्राय लिहायचा तर घ्यावाच लागतो. नवी आवृत्ती होती. शेवटच्या घराला आता नुसती रंगवलेली भिंत होती. ट्रक तिच्यापुढून वाजत गेला, सगळी गल्ली नाचली आणि ती सहज जिंकली. मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, तिनं स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहिली:

'उशिरा खेळले. खिडकीचं ते नसतं तर चाललं नसतं.'

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ते पान उघडलं. खाली कुणीतरी विचारलं होतं, कोणती खिडकी? यात खिडकीच नाही. आणखी कुणी हसणारं चित्र टाकलं होतं. त्याच्याही खाली, बारीक अक्षरांत लिहून आलं होतं: एका व्यक्तीला हा अभिप्राय उपयोगी वाटला.

आतल्या खोलीत बाबा झोपले होते. विशाखा आवाज न करता रडली.